उलटी गोम

बैलात खोड आहे की नाही, हे गहिनीनाथनं सांगायचं. सिरसाळ्याच्या अवतीभवतीच्या गावांचा हा रिवाज. बैल घ्यायचा म्हटलं की लोक त्याला मोटारसायकलवर मागं बसवून बाजाराला नेत. दात बाकीचे बघायचे. गहिनीनाथचं सगळं काम तळहाताचं. मानेपासून शेपटीपर्यंत एकदा केसांच्या अंगानं आणि एकदा केसांच्या विरुद्ध तो हात फिरवायचा. भोवरा कुठं आहे, केस कुठं वळले, पाठीवर गोम आहे का. गोम म्हणजे केसांची एक रेघ. बाकीचे केस एकीकडं चालले असले की ही आपली दुसरीकडं चाललेली असते. शेपटीकडं उतरत असली तर चालतं. वर चढत असली तर ती उलटी. "उलटी गोम हाय. धन्याला खाईल," एवढं तो बोलला की सौदा मोडलाच.

मग तो बैल नांगराला कितीही सरळ असो, खांद्यात कितीही भरलेला असो, त्याला कुणी दारात बांधत नाही. शेवटी कुणीतरी गाडीत घालून त्याला नेतं. कुठं नेतं ते सगळ्यांना ठाऊक असतं आणि कुणी विचारत नाही. बैलानं काय केलेलं असतं? त्याचे चार केस वर गेलेले असतात, एवढंच.

व्यापारी यावर तोड काढतात. गोम असलेल्या जागी तापलेलं लोखंड टेकवतात. केस जळतात, कातडं आकसतं, खूण मिटते. विचारलं तर सांगायचं, पाठ धरली होती म्हणून डाग दिला. गहिनीनाथच्या हाताला असला डाग लागला की तो व्यापाऱ्याला चारचौघांत आईबहिणीवरून हाणायचा. त्याचा सगळा मान ह्यावर उभा होता.

अंगद हा त्याचा एकुलता पोरगा, दुधाच्या टेम्पोवर ड्रायव्हर. अंगदची बायको उज्ज्वला गेवराईकडची. पहिलं बाळंतपण माहेरी करून, सव्वा महिना झाल्यावर ती मुलीला घेऊन सासरी आली. मुलीचं नाव धनश्री. सासूनं, मनकर्णानं, नातीला पायावर घेऊन आंघोळ घातली आणि पाठ चोळता चोळता तिचा हात थांबला. माकडहाडाच्या जरा वर, मधोमध, काळ्या केसांचा झुबका होता. नुकत्या जन्मलेल्या लेकराच्या अंगावर लव असते, ती झडून जाते. माहेरच्या बायकांनी तीच समजून सोडून दिलं होतं. ही लव नव्हती. केस लांब होते आणि वरच्या अंगाला वळलेले होते.

"अवो, जरा इकडं या," मनकर्णानं नवऱ्याला हाक मारली.

गहिनीनाथ येऊन उकिडवा बसला. ओल्या लेकराच्या पाठीवर त्यानं तळहात ठेवला आणि बैलावर फिरवतो तसाच फिरवला. केसांच्या अंगानं, मग विरुद्ध.

"काय हाय मामा?" उज्ज्वलानं सासऱ्याला विचारलं.

"काय न्हाई. पुस तिला, गारठंल."

त्याला काय दिसलं ते समजायचं तर त्याची बहीण ठाऊक पाहिजे. साखराबाई. तिच्या कपाळावर केसांचा भोवरा होता. लग्नाला वर्ष व्हायच्या आत नवरा विहिरीवरची मोटर चालू करायला गेला आणि तारेला चिकटून मेला. तार उघडी पडली होती, हे सगळ्या गावानं बघितलं होतं. सासरच्यांनी दोष दिला तो भोवऱ्याला. खोडीची बाई म्हणून तिला माहेरी आणून घातली. शेळ्यांच्या वाड्याला लागून असलेल्या खोलीत ती म्हातारी झाली आणि तिथंच मेली. कुणी कधी तिला हळदीला बोलावलं नाही. जी नजर गहिनीनाथ बैलाला लावायचा त्याच नजरेनं त्याच्या बहिणीला जिवंत गाडलं होतं. त्यातून ह्या माणसानं काय घ्यावं? नजर खोटी आहे, हे त्याच्या डोक्यात आलं नाही. खूण मिटवली पाहिजे, एवढं आलं.

दुसऱ्या दिवशी उज्ज्वला नळाला गेली होती. लेकराचा आवाज तिथपर्यंत आला. भुकेचं रडणं आईला कळतं, हे तसलं नव्हतं. ती हंडा तिथंच टाकून पळत आली. मनकर्णानं लेकराला मांडीवर पालथं दाबून धरलं होतं. गहिनीनाथच्या हातात खुरपं होतं आणि त्याचं पातं अजून लालसर होतं. घरभर केस जळल्याचा वास.

"मामा, काय केलंत हे?"

"तिची खोड काढली." म्हातारा रडत होता. रडत होता हे खरं आहे, पण त्यानं काही कमी होत नाही. "उद्या तुझ्या पोरीला पाठ बघून कुणी माघारी धाडणार न्हाई. माझ्या बहिणीचे हाल मी बघितलेत. तू न्हाई बघितले."

"जनावर हाय का ती?"

"जनावर असती तर इकली असती. नात हाय म्हणून मन घट्ट केलं."

खोबरेल लावलं, राख लावली. जखम लई दिवस ओली राहिली, मग भरली. पुरीएवढा गुळगुळीत डाग मागं उरला. आल्यागेल्याला काय सांगायचं ते घरात ठरलं. आजीच्या मांडीवरून लेकरू सरकलं आणि चुलीपुढच्या तव्यावर पाठीवर पडलं. अंगद बायकोला म्हणाला, आबाच्या मनात वाईट नव्हतं, आता वाढवू नको. उज्ज्वलानं वाढवलं नाही. कुठं जाऊन वाढवणार होती?

धनश्री उशिरा चालायला लागली, पण लागली. बोलायला चटचटीत निघाली. दुसरीत गेली तरी तिची चड्डी ओली व्हायची, भर दिवसा व्हायची. आणि मग घरात खोड हा शब्द पुन्हा निघाला. आधी खोड पाठीवर होती, ती जाळली. आता खोड म्हणजे वाईट सवय. "मुतायची खोड लागलीय कार्टीला," मनकर्णा शेजारणींना सांगायची. सवयीची खोड मोडायची तर मारायचं, हे तर शिकवावंही लागत नाही. अंगद टेम्पोवरून उतरला की आधी विचारायचा, आज केली का, आणि चप्पल काढायचा. संध्याकाळचं पाणी बंद केलं. शाळेतली पोरं नाक धरून सरकून बसायची.

"लागली की सांगत कावून न्हाईस गं?" उज्ज्वलानं तिला न्हाणीत धुता धुता विचारलं.

"लागलेली कळतच न्हाई मम्मी. वलं झाल्यावर कळतं."

"खरं सांग."

"तुझी शप्पथ. तिथं मला कायच कळत न्हाई. आता तू पाणी टाकलंस ना, ते गरम हाय का गार, ते पण न्हाई कळालं."

उज्ज्वलानं हे घरात सांगितलं तर मनकर्णा हसली. "लई पोचलेली हाय. आईला बरोबर गुंडाळती." गावातल्या डॉक्टरनं जंताच्या गोळ्या दिल्या.

एक दिवस शाळेतल्या पंचशीला मॅडमनी उज्ज्वलाला बोलावून घेतलं. पोरीला घरी बसवा म्हणतील, अशा तयारीनंच ती गेली. मॅडमनी धनश्रीच्या चपला पुढं ठेवल्या. डावी एका कडेला पार झिजून गेली होती.

"ही पाय असा कधीपासून टाकते?"

"आधी न्हवती टाकत. औंदा टाकती."

"मागच्या साली ही खो-खोत पळायची. आता व्हरांड्याची पायरी चढायला भिंत धरते. उज्ज्वलाताई, ही सवय नाही. ह्या पोरीला काहीतरी होतंय. बीडला लहान मुलांच्या डॉक्टरकडं न्या. आणि लवकर न्या, घरच्यांच्या सवडीवर बसू नका."

अंगदला टेम्पोची सुट्टी नव्हती. "मी जातो संगं," गहिनीनाथ म्हणाला. का जातो ते उज्ज्वलाला कळत होतं. एसटीत तो खिडकीकडं तोंड करून बसला. बीडचं स्टँड जवळ आल्यावर तो तिच्याकडं न बघताच बोलला. "तव्यावर पडली, एवढंच सांगायचं. डागलं म्हटलं की केस करतेत आताशा. ह्या वयात मला आत घालू नको, पोरी."

डॉक्टर घाईत होता, पण वाईट नव्हता. त्यानं धनश्रीचे पाय बघितले, गुडघ्यांवर ठोकलं, टाचणी टोचून कळतं का म्हणून विचारलं. मग फ्रॉक वर केला.

"हे कशानं भाजलं?"

"तव्यावर पडली," गहिनीनाथ पुढं होऊन बोलला. "लई ल्हान होती तवा."

"पाठीवर पडली? जोरात?"

"हां. पाठीवरच."

डॉक्टरनं मान हलवली. त्याला उत्तर सापडलं होतं. "तेव्हा मणक्याला मार बसला असणार. नसा दुखावल्या. इतक्या वर्षांनी त्यात फार काही करता येत नाही, पण घाबरू नका. जुनी दुखापत आहे, जेवढं बिघडायचं तेवढं बिघडलं. यापुढं वाढणार नाही. पायासाठी बूट लिहून देतो. व्यायाम करून घ्या."

"लई उपकार झाले साहेब." गहिनीनाथ लगेच उठला.

उज्ज्वला उठली नाही. सगळं किती सोपं होतं बघा. बूट घ्यायचा, एसटीत बसायचं, घरी जायचं. सासरा सुटला, नवरा शांत, सासू खूश. एकच गोष्ट त्या खोट्यात बसत नव्हती, आणि ती गोष्ट तिच्या मांडीला टेकून उभी होती.

"वाढणार न्हाई म्हणता," ती म्हणाली, "पण वाढतंय साहेब. मागल्या साली पोरगी पळत होती."

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. "वाढतंय? जुन्या माराचं असं होत नाही."

"पोरी, चल," सासरा म्हणाला. "गाडी जाईल."

"जाऊ द्या गाडी." ती डॉक्टरकडंच बघत राहिली. सासऱ्याकडं बघितलं असतं तर तिच्यानं झालं नसतं. "ती पडली न्हाई. तिथं केस होते. जन्मापासून. ह्या मामांनी खुरपं तापवून डागलं."

बाहेर नर्स कुणाचं तरी नाव पुकारत होती. मग डॉक्टरनं विचारलं, "कसले केस? मधोमध होते? लांब?"

"हे एवढाले. झुबका होता."

डॉक्टर खुर्ची सरकवून गहिनीनाथकडं वळला. "बाबा, त्या केसांसकट हिला कुणी माझ्याकडं आणलं असतं, तर मी त्याच दिवशी मणक्याच्या तपासणीला पाठवलं असतं. आत मणका नीट मिटलेला नसला की कधी कधी वर कातडीवर असे केस येतात. आतली दोरी, जिच्यातून पायाकडं आणि लघवीकडं नसा जातात, ती खाली चिकटून राहते. पोर उंच होते तशी ती ताणत जाते. म्हणून वाढतंय. ते केस बाहेरच्या माणसाला दिसावी अशी खूण होती. तुम्ही तीच जाळलीत."

"आमच्यात तिला उलटी गोम म्हणतेत," गहिनीनाथ कसाबसा बोलला.

"आमच्यात जन्मजात दोष म्हणतात. नाव काय ठेवायचं ते ठेवा. हिला ऑपरेशन पाहिजे. आणि हे डागलेलं मला पोलिसांना कळवावं लागेल."

खोड म्हणा, ऐब म्हणा, व्यंग म्हणा. शाळेच्या कागदावर त्याचं दिव्यांग होतं, भगताच्या तोंडी बाहेरचं होतं. जे चारचौघांसारखं नाही त्याला नावं ठेवायला आपल्याकडं माणसं कमी पडत नाहीत. नाव ठेवून झालं की काम झालं, अशी सगळ्यांची समजूत. त्या नावाखाली एक पोरगी होती आणि तिला पाय उचलता येईना झाला होता, हे बघायला इतकी वर्षं लागली.

संभाजीनगरच्या मोठ्या दवाखान्यात धनश्रीला भरती केलं, आणि पोलिसांनी उज्ज्वलाचा जबाब लिहून घेतला. दवाखान्यातल्या सर्जननं तिला समोर बसवून स्पष्ट सांगितलं. ऑपरेशननं पुढचं थांबेल. गेलेलं परत येईल असं समजू नका.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी अंगद आला. पोरीच्या कॉटपाशी जरा वेळ उभा राहिला, मग बायकोला बाहेर घेऊन गेला.

"आबाला ठाण्यात दिवसभर बसवून ठेवलं. मान वर करून बघत न्हाईत ते कुणाकडं. जबाब फिरव."

"उद्या पोरीची पाठ फाडणार हायेत."

"म्हणूनच म्हणतो. रक्त लागलं, औषध लागलं, तर पळायला माणूस पाहिजे. जबाब फिरव, मी हितंच थांबतो. न्हाई फिरवलास तर तू आणि तुझी पोरगी. घराकडं यायचं न्हाई."

तुझी पोरगी म्हणाला.

उज्ज्वलानं विचार केला. डॉक्टरला जे कळायला पाहिजे ते कळलं होतं. पोलिसाच्या वहीत तवा लिहिला काय आणि खुरपं लिहिलं काय, पोरीच्या मणक्याला त्याचा फरक पडणार नव्हता. तिनं जबाब फिरवला. घाबरून काहीबाही बोलले, म्हणाली. हवालदाराला बरंच वाटलं. "घरातलं घरात मिटवलंत, शहाण्या आहात," म्हणत त्यानं लिहून घेतलं. अंगद थांबला. त्यानं रक्तही दिलं.

ऑपरेशन झालं. डावा पाय होता तिथं राहिला, ना पुढं गेला ना मागं आला. लघवी आपल्यानं होणं गेलं ते गेलंच. नळी घालून ती कशी काढायची हे नर्सनं उज्ज्वलाला शिकवलं. दिवसातून कितीदा तरी, हात धुऊन, रोज, जन्मभर. शाळेतली पोरं आता नाक धरत नाहीत, लंगडी म्हणतात.

गावात खुरप्याचं कुणाला कळलं नाही. ठाण्यात बोलावलं होतं ते बांधाच्या भांडणावरून, असं अंगदनं पसरवलं. गहिनीनाथ परत बाजाराला जायला लागला. लोक परत त्याला मोटारसायकलवर बसवून न्यायला लागले. घरात मात्र तो धनश्रीसमोर बसेना. ती लंगडत अंगणात आली की हा शेळ्यांकडं निघून जायचा. कुणाला त्यात पश्चात्ताप दिसेल. उज्ज्वलाला त्यात फक्त पाठ दिसायची.

मग एका सकाळी शेजारच्या गावचा बंकट आला. गहिनीनाथनं पारखून दिलेला बैल त्याच्या दारात होता. आज मोटारसायकलवर मागं बायको आणि बायकोच्या कुशीत दुपट्यात गुंडाळलेलं पोरगं. उज्ज्वला तेव्हा न्हाणीत धनश्रीची नळी घालत होती. अंगणातलं सगळं तिला ऐकू येत होतं.

"आबा, जरा हात फिरवा," बंकट म्हणाला. "पोराच्या पाठीला केस हायेत. बायका काय काय बोलतेत. तुमचा शब्द म्हणजे शेवट."

दुपटं सोडल्याचं, लेकरू कुरकुरल्याचं ऐकू आलं.

"मला आताशा हाताला काय कळंना झालंय," गहिनीनाथ म्हणाला. "वय झालं बाबा."

"चेष्टा करता का? गेल्या बाजारात तर गोऱ्हा बघितलात."

"न्हाई कळत म्हटलं ना."

त्याला कळलं होतं. त्या हाताला दुसरं काही येतच नव्हतं. बीडला ने, हे दोन शब्द बोलायचे होते. ते बोलायचे तर बंकट विचारणार, तुम्हाला कसं ठाऊक. म्हणून तो गप्प बसला. आणि मग मनकर्णा बोलली. "तात्याबाकडं ने की. त्यो बरोबर डागतो. लेकराला कळत पण न्हाई."

नळी अर्ध्यात काढता येत नाही. उज्ज्वलानं ती पुरी होऊ दिली, पोरीचे कपडे सारखे केले, तोवर बाहेर मोटारसायकलला किक बसली होती. ती ओल्या हातांनी पळत सुटली. घरापासून हाकेच्या अंतरावर, पिठाच्या गिरणीपुढं उसाची ट्रॉली आडवी लागलेली होती, तिथं बंकट अडकला होता.

"भाऊ, थांबा. तात्याबाकडं नेऊ नका. आत्ताच्या आत्ता बीडला न्या."

"कावून?"

"त्या केसांखाली मणका उघडा असू शकतो. माझ्या पोरीचा होता. मामांनी तिला डागलं. तिचा पाय गेला, लघवी गेली."

बंकटनं पाय खाली टेकवला. "तुमची पोरगी तव्यावर पडली ना?"

"न्हाई पडली. मी खोटं सांगितलं. ठाण्यात सुद्धा."

"मग आबा आता कावून बोलले न्हाईत?"

"ते त्यांना इचारा. आधी माझं ऐकून घ्या."

आणि तिनं सांगायला सुरुवात केली. नळावर ऐकलेल्या आवाजापासून, खुरप्यापासून. लेकराला कुणी दाबून धरलं होतं तेही सांगितलं. गिरणीत डबे घेऊन आलेल्या बायका बाहेर आल्या. ट्रॉलीवाल्यानं इंजिन बंद केलं. बंकटच्या बायकोनं दुपट्याच्या आत हात घातला आणि लेकराच्या पाठीवर तो तसाच ठेवला. "बीडची गाडी किती वाजता हाय हो?" तिनं नवऱ्याला विचारलं. त्यानं मोटारसायकलचं तोंड हमरस्त्याकडं वळवलं.

घराकडून अंगद ताडताड येत होता. त्याच्या मागं दारात मनकर्णा होती. तिनं धनश्रीला दंडाला धरून उंबऱ्याबाहेर ठेवलं, दप्तर तिच्या पायाशी टाकलं आणि दार लावून घेतलं. उज्ज्वलानं ते बघितलं. मग तिनं गिरणीच्या पायरीवर चढून उरलेलं सांगितलं.